तळं राहिलं, जत्रा उठली

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळात बरीच नवी तरुण कुटुंबं आली आहेत. नोकरी क्लीव्हलंडला नाहीतर अ‍ॅक्रनला, आणि घर मधल्या टापूत, म्हणजे सोलन, ट्विन्सबर्ग, हडसन, ऑरोरा असं कुठेतरी. संक्रांतीच्या किंवा पाडव्याच्या कार्यक्रमाला जेवणाच्या रांगेत उभं असताना हमखास कुणीतरी विचारतं, "काकू, रूट ४३ वर ते तळं आहे ना, त्या बाजूला नवी घरं झालीत. तिथे पूर्वी काय होतं हो?"

रांगेत पोळ्या येईपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगते. पण हा विषय एका पोळीत संपणारा नाही. म्हणून या वर्षी संपादकांकडून चार पानं मागून घेतली.

एका वाक्यात सांगायचं तर तिथे एकशे वीस वर्षं जत्रा भरत होती. दर उन्हाळ्यात, न चुकता. तिचं नाव जिऑगा लेक. आमच्या पिढीच्या इथल्या सगळ्या मराठी घरांत त्या जत्रेचा निदान एक फोटो सापडेल. कडेवर मूल, हातात कॅमेऱ्याची पिशवी, पायांत पांढरे बूट, आणि मागे लाकडी रोलरकोस्टरचा पांढरा सांगाडा.

आधी तळं

जिऑगा हे आपल्या शेजारच्या काउंटीचं नाव. इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत रॅकूनला जो शब्द होता, त्यावरून ते आलं असं मानतात. तळं मात्र माणसांच्या कितीतरी आधीचं आहे. हिमयुग ओसरताना बर्फाचे प्रचंड तुकडे मातीत रुतून राहिले आणि ते वितळल्यावर त्या खळग्यांत पाणी साचलं. ईशान्य ओहायोत अशी तळी जागोजाग आहेत, त्यांतलंच हे एक.

१८५०च्या दशकात क्लीव्हलंडहून या बाजूला रेल्वे आली. तळ्याजवळ स्टेशन झालं. सलिव्हन गाइल्स नावाच्या माणसाची तिथे जमीन होती. त्याने तळ्याकाठी सहलीसाठी जागा केली, नाचासाठी एक मांडव उभारला. लोक तळ्याला गाइल्स पाँड म्हणत, नाहीतर सरळ पिकनिक लेक म्हणत. १८८७ साली तिथे रीतसर पार्क सुरू झालं आणि दोनच वर्षांत पहिला पाळणा आला, वाफेवर फिरणारा घोड्यांचा कॅरोसेल.

त्या काळच्या अमेरिकेत हे सगळीकडेच घडत होतं. कारखान्यातल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी, शहरात धूर, आणि घरात उकाडा. आगगाडीचं किंवा ट्रामचं तिकीट काढायचं, तासाभरात पाण्याकाठी पोचायचं. रेल्वे आणि ट्राम कंपन्यांनाही हे हवंच होतं, कारण एरवी रविवारी डबे रिकामे धावत. म्हणून पाणी आणि रूळ जिथे एकमेकांजवळ आले तिथे पार्कं उगवली. आपल्याच भागात क्लीव्हलंडचं युक्लिड बीच, मदायना काउंटीतलं चिपेवा लेक, यंग्सटाउनचं आयडोरा. पलीकडे कॅनडाच्या किनाऱ्यावर क्रिस्टल बीच. सॅन्डस्कीचं सीडर पॉइंट त्यांच्याही आधीचं, १८७० सालचं. या यादीतलं आज फक्त सीडर पॉइंट शिल्लक आहे. युक्लिड बीच १९६९ साली मिटलं, चिपेवा लेक १९७८ साली, आयडोरा १९८४ साली आणि क्रिस्टल बीच १९८९ साली. जिऑगा लेक त्या सगळ्यांच्या मागे राहिलं.

जिऑगा लेकचा खरा विस्तार १९२५ साली झाला. त्या वर्षी जॉन मिलर या माणसाने आखलेला लाकडी रोलरकोस्टर तिथे उभा राहिला. त्याची नावं बदलत गेली, आम्ही त्याला 'बिग डिपर' म्हणून ओळखत होतो. शेजारी मोठा पोहण्याचा तलाव होता. १९२६ च्या जुलैत जॉनी वाइझमुलर तिथे पोहला आणि २२० यार्डांत त्याने नवा विक्रम केला. हाच वाइझमुलर पुढे सिनेमातला टारझन झाला. १९३७ साली मार्कस इलायन्स या कारागिराच्या कारखान्यात हाताने कोरलेल्या घोड्यांचा कॅरोसेल आला. १९४२ साली टोर्नेडोने पार्कची धूळधाण केली. १९५२ साली आग लागून नाचघर, थिएटर, बोलिंग आणि स्केटिंगची इमारत जळाली. दोन्ही वेळा पार्क पुन्हा उभं राहिलं.

रांग कुणाकुणाची

एक गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. जुन्या पार्कांचे पांढरे टोप्या-झग्यातले फोटो बघून आपल्याला हळवं व्हायला होतं. पण त्या फोटोंत कोण नाही, तेही बघावं. क्लीव्हलंडच्या युक्लिड बीचवर कृष्णवर्णीय माणसांना नाचघरात आणि पोहायला मज्जाव होता. १९४६ च्या उन्हाळ्यात त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गोऱ्या कार्यकर्त्यांनी तिथे निदर्शनं केली, मार खाल्ला, प्रकरण नगर परिषदेपर्यंत नेलं. आपली माणसं मोठ्या संख्येने या देशात आली ती १९६५ च्या कायद्यानंतर. तोवर हा झगडा दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी लढून ठेवला होता. आम्ही तिकिटाच्या खिडकीशी गेलो तेव्हा आमच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. ते न बघणं कुणीतरी कमावलेलं होतं.

कंपनीची पिकनिक

मी १९८३ साली लग्न करून अ‍ॅक्रनला आले. नवरा रबराच्या कंपनीत केमिकल इंजिनियर. मोटारीचे टायर बनवणारे अ‍ॅक्रनचे कारखाने तेव्हा नुकतेच मिटले होते, पण प्रयोगशाळा आणि कचेऱ्या चालू होत्या. दर उन्हाळ्यात कंपनीची पिकनिक असे, आणि ती जिऑगा लेकला. त्या काळात पार्कचा मोठा धंदा या पिकनिकांवर चाले. कारखाने, युनियन, चर्चं, शाळा सगळे दिवस ठरवून यायचे. झाडांखाली मांडव, त्यावर कंपनीच्या नावाची पाटी, लांबलचक लाकडी टेबलं.

मांडवातलं जेवण म्हणजे हॉट डॉग, मक्याची कणसं, बटाट्याचं थंड सॅलड आणि कलिंगड. आम्हा शाकाहारी लोकांचं कणसावर आणि कलिंगडावर भागत असे. मग दुपारी पार्किंगमध्ये जायचं, गाडीची डिकी उघडायची आणि फॉइलमध्ये बांधून आणलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी खायची. एका वर्षी शेजारच्या गाडीशी एक पंजाबी कुटुंब हेच करताना दिसलं. पलीकडे एक गुजराती कुटुंब थेपले काढत होतं. त्या पार्किंगमध्ये ओळख झालेली चार घरं अजून आमच्या गणपतीला येतात. मंडळाची पहिली सहल तिथेच न्यावी ही कल्पनाही त्या डिकीशीच निघाली.

आज हे किरकोळ वाटेल. पण तेव्हा ना फोन स्वस्त होता, ना इंटरनेट. दुसरा मराठी माणूस भेटायला योगायोग लागायचा, आणि योगायोग घडायला गर्दी लागते. ओहायोच्या या भागात आमच्यासाठी ती गर्दी दोनच ठिकाणी होती, देवळात आणि जिऑगा लेकला.

आप्पा आणि बिग डिपर

माझे वडील आप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फोरमन होते. १९९० साली निवृत्त झाल्यावर आईला घेऊन तीन महिने आमच्याकडे आले. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, मुलगा वर्षाचा. आईला घोड्यांचा कॅरोसेल आवडला. तिथल्या बाकावर नातवाला मांडीवर घेऊन ती दुपारभर बसली. पंढरपूरच्या यात्रेतल्या पाळण्यापेक्षा हे घोडे जास्त देखणे आहेत, पण पाळणेवाला ओरडत नाही म्हणून मजा कमी, असं तिचं मत पडलं.

आप्पांनी मात्र पार्कात पाऊल टाकल्यापासून बिग डिपरखाली मुक्काम ठोकला. लाकडाचे सांधे बघितले. कुठल्या फळ्या जुन्या आणि कुठल्या या वर्षी बदललेल्या ते रंगावरून ओळखलं. लाकडी रोलरकोस्टर म्हणजे कधीच पुरा न झालेलं सुतारकाम असतं. दर हिवाळ्यात बर्फ आणि पाणी लाकडात शिरतं, दर वसंतात फळ्या, बोल्ट, रूळ तपासून बदलावे लागतात. पासष्ट वर्षांच्या त्या सांगाड्यातलं मूळचं लाकूड तेव्हा किती उरलं असेल, देव जाणे.

मग आप्पा म्हणाले, "मी बसणार." बासष्टाव्या वर्षी. नवरा त्यांच्याबरोबर बसला, मी खाली. गाडी चढ चढायला लागली की खटखट असा आवाज येतो. खाली उतरल्यावर आप्पा त्या आवाजाबद्दल बोलायला लागले. तो साखळीचा आवाज नसतो. गाडीखाली एक खिट्टी असते, ती चढावरच्या दातेरी पट्टीवर अडकत अडकत जाते. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून. ही खिट्टी जॉन मिलरनेच काढली, पेटंट १९१० सालचं. रुळाच्या खालच्या अंगाने धरणारी जादा चाकंही त्याचीच. टेकाडावरून गाडी खाली झेपावते तेव्हा ती रुळावरून उडून जात नाही, ती या चाकांमुळे. त्याआधीचे रोलरकोस्टर बेताचे होते. मिलरच्या चाकांनंतरच उतार इतके तीव्र करता आले. जगातला कुठलाही आधुनिक रोलरकोस्टर घ्या, चाकांची तत्त्वं तीच.

आप्पांना मिलरचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते फक्त म्हणाले, "ज्याने हे केलं त्याने आधी काय तुटेल याचा विचार केला, मग मजेचा." त्या दिवशीचा त्यांचा फोटो आमच्याकडे आहे. केस विस्कटलेले, चष्मा हातात, तोंडभर हसू, मागे बिग डिपरचा उतार. आप्पा फोटोत हसत नसत. लग्नाच्या फोटोतही हसलेले नाहीत. १९९८ साली ते गेले तेव्हा पुण्याच्या घरी भिंतीवर कुठला फोटो लावायचा यावर भावाशी बराच वाद झाला. शेवटी हाच लावला. आमच्या टिळक रोडच्या घरात आजही ओहायोचा एक रोलरकोस्टर भिंतीवर आहे.

पलीकडच्या काठावर

तळ्याच्या दुसऱ्या काठावर १९७० साली सी वर्ल्ड आलं. सॅन डिएगोनंतरचं त्यांचं हे दुसरंच पार्क. समुद्रापासून शेकडो मैल दूर ओहायोत किलर व्हेल! हिवाळ्यात पार्क बंद, म्हणून ती जनावरं उन्हाळ्यापुरती विमानाने आणायची आणि नंतर परत न्यायची. ओहायोचा प्रत्येक पोरगा तेव्हा शामूच्या खेळात पहिल्या रांगेत बसून भिजलेला असे. तळ्यावर वॉटर स्कीचे खेळ चालत. एकाच तळ्याच्या दोन काठांवर दोन वेगळे मालक, दोन तिकिटं. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की एक शनिवार या काठाला आणि दुसरा शनिवार त्या काठाला, असा आमचा हिशेब.

हा हिशेबच पुढे मोडला, आणि माझ्या मते पार्कच्या शेवटाची सुरुवात तिथे झाली.

फुगवलेला फुगा

१९६९ पासून पार्क 'फनटाइम' नावाच्या कंपनीकडे होतं. ती बेताने चालवणारी मंडळी होती. दर काही वर्षांनी एखादं नवं आकर्षण आणायची. १९७७ चा डबल लूप, १९८८ चा लाकडी रेजिंग वुल्फ बॉब्ज. १९९५ साली ते प्रीमियर पार्क्सने घेतलं. १९९८ साली प्रीमियरने सिक्स फ्लॅग्ज ही मोठी साखळीच विकत घेतली आणि पुढे तेच नाव लावलं. २००० साली जिऑगा लेकचं झालं सिक्स फ्लॅग्ज ओहायो. एका हिवाळ्यात सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून चार नवे रोलरकोस्टर उभे केले. पुढच्या वर्षी पलीकडचं सी वर्ल्डही ११ कोटी डॉलरला घेतलं आणि दोन्ही काठ मिळून एकच अवाढव्य पार्क झालं, सिक्स फ्लॅग्ज वर्ल्ड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर. एका तिकिटात पाळणे, पाण्याचे खेळ आणि व्हेल. दोन काठ जोडायला तळ्यावर तरंगता पूल टाकला.

माझ्या मुलीने २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे तिथे काम केलं. वय सोळा. त्या पुलाजवळच्या लेमनेडच्या टपरीवर. लिंबं पिळून पिळून तिच्या बोटांच्या कडा सोलवटायच्या. पहिल्या पगारातून तिने काय आणलं असेल? भारतात फोन करायची पाच डॉलरवाली दोन कार्डं, आजीशी बोलायला. त्या टपरीवरून तिला जे दिसायचं ते ती रात्री जेवताना सांगायची. दुपारी चारच्या सुमारास पुलावर माणसांचे तांडे येत. कडेवर झोपलेली मुलं, हातात पिशव्या, घामाने डबडबलेले. अर्धं बघून झालेलं, अर्धं राहिलेलं. "आई, सगळे दमलेलेच असतात गं," ती म्हणायची.

तिचं ते वाक्य मला अजून आठवतं, कारण पुढचं सगळं त्यात होतं. पूर्वी एक कुटुंब दोन दिवस यायचं आणि दोन तिकिटं काढायचं. आता एकाच दिवसात, एकाच तिकिटात दोन्ही बघायच्या मागे लागलं. उत्पन्न अर्ध्यावर आलं, पण व्हेलचा खाणाखर्च, राखणदार, यंत्रं, वीज सगळं दुप्पट. त्यात आपला ओहायोचा हंगाम. मे अखेर ते सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे शंभरेक दिवस, आणि त्यापुढचे काही शनिवार-रविवार. त्यातल्या पावसाचे दिवस वजा करा. फ्लोरिडात बारा महिन्यांत जे भरून निघतं ते इथे तीन महिन्यांत काढायचं. आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर सीडर पॉइंट, जगभरातून लोक येतात असं.

शिवाय आमच्या त्या पिकनिका. नवऱ्याच्या कंपनीने नव्वदच्या दशकात कधीतरी ती बंद केली. आधी माणसं कमी झाली, मग मांडव लहान झाला, मग पत्रक आलं की यंदा त्याऐवजी कचेरीत पिझ्झा. पार्काच्या ताळेबंदात अशा पिझ्झ्यांना वेगळी ओळ नसते. पण ज्या गावातल्या कारखान्यांची शिटी थांबते, त्या गावची जत्राही हळूहळू आटते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गिरणगाव बघितलेल्या माणसांना तर नाहीच.

२००४ च्या मार्चमध्ये सिक्स फ्लॅग्जने सगळं पार्क विकलं, दोन्ही काठांसकट, १४ कोटी ५० लाख डॉलरला. वर दिलेले दोन आकडे, ४ कोटी आणि ११ कोटी, फक्त यांचीच बेरीज करून बघा. घेणारी कंपनी सीडर फेअर, म्हणजे सीडर पॉइंटचीच मालक. व्हेल आणि डॉल्फिन आधीच दुसरीकडे रवाना झाले. शेवटची किलर व्हेल, शूका, कॅलिफोर्नियाला गेली. नव्या मालकाने जुनं नाव परत आणलं, जिऑगा लेक. आम्हाला बरं वाटलं. पलीकडच्या काठावर २००५ साली वाइल्डवॉटर किंगडम हे नवं पाण्याचं पार्क उभारलं. पण ओसरलेली गर्दी परत वळली नाही. २००६ साली सीडर फेअरने पॅरामाउंटची पाच पार्कं १२४ कोटी डॉलरला घेतली. त्यातलं किंग्ज आयलंड आपल्याच राज्यात, सिनसिनाटीजवळ. म्हणजे ओहायोत एकाच मालकाची तीन मोठी पार्कं झाली, आणि डोक्यावर मोठं कर्ज. अशा वेळी कुणाचा पाट आधी उचलला जातो, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्याला कळतं.

निरोप न घेता

१६ सप्टेंबर २००७, रविवार. हंगामाचा शेवटचा दिवस. पार्क संध्याकाळी नेहमीसारखं बंद झालं. २१ सप्टेंबरला जाहीर झालं की पाळण्यांचं पार्क पुन्हा उघडणार नाही.

म्हणजे त्या रविवारी तिथे असलेल्या लोकांना आपण शेवटचे आहोत हे माहीतच नव्हतं. माझा मुलगा त्या ऑगस्टमध्ये कॉलेजला गेला होता. जायच्या आधी मित्रांबरोबर एक दिवस जाऊन आला, आणि माझ्यासाठी ठेवलेलं एक तिकीट फ्रिजवर चुंबकाने लावून गेला. "पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघं जाऊ, तू बिग डिपरवर कधी बसलीच नाहीस." ते तिकीट अजून माझ्याकडे आहे.

१७ जून २००८ रोजी लिलाव झाला. बिग डिपर ५,००० डॉलरला गेला. जुन्या मोटारीच्या भावात. घेणाऱ्याच्या मनात तो वाचवायचा होता, पण लाकडी रोलरकोस्टर हलवणं म्हणजे वाडा हलवण्यासारखं. तो आठ वर्षं तिथेच उभा राहिला. झाडं वाढली, वेली चढल्या. रस्त्यावरून जाताना पानगळीत त्याचा माथा दिसायचा. २०१६ च्या सप्टेंबरात पाण्याचं पार्कही कायमचं बंद झालं आणि त्याच ऑक्टोबरात बिग डिपर पाडला. पुण्याला भावाला फोन करून सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आप्पांच्या मागचं गेलं."

नंतर जमीन विकली गेली, बांधकामं सुरू झाली, दुकानं आली, घरं आली. ती हीच घरं, ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारता.

तळ्यातला गणपती

मी पुण्याची, म्हणून मला दुसरं एक तळं आठवतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं करवलं आणि मधे बेट राखलं, ती सारसबाग. बेटावर गणपती. पुढे तळं बुजलं, बाग झाली, शेजारी पेशवे पार्क झालं, १९५६ साली तिथे फुलराणी धावू लागली. पेशवे पार्कातले वाघ-हत्तीही पुढे कात्रजला हलले. आज सारसबागेत गेलेल्या पोराला तळं शोधून सापडत नाही. पण पुण्यातली माणसं अजून 'तळ्यातल्या गणपतीला जाऊन येते' असंच म्हणतात. पाणी गेलं तरी नाव राहिलं, कारण म्हणणारी माणसं तिथेच राहिली.

इथे उलटं आहे. पाणी जागच्या जागी आहे, हजारो वर्षं होतं तसं. गेली आहे ती जत्रा, आणि तिला ओळखणारी माणसं पांगली आहेत. आमची मुलं सिअ‍ॅटलला आणि डॅलसला. आमच्या पिढीतले काही फ्लोरिडाला, काही देवाघरी. आपल्याकडे गाव म्हणजे चार पिढ्यांनी पाहिलेलं देऊळ, पार, जत्रेचं मैदान. या देशात आमच्या मुलांना चार पिढ्या नव्हत्या. पण आजोबा, आई आणि आपण, अशा तीन पिढ्या एकाच जागी जाऊन आल्या, अशी एक जागा होती. माझ्या मुलीला कुणी 'मूळ गाव कुठलं' विचारलं तर ती पुणे सांगत नाही, अ‍ॅक्रनही सांगत नाही. ती म्हणते, "जिऑगा लेकजवळ." ऐकणाऱ्याला कळलं नाही तरी बदलत नाही.

ज्यांना अजून काही बघायचं असेल त्यांच्यासाठी पत्ते. डॉमिनेटर हा उंच रोलरकोस्टर व्हर्जिनियात रिचमंडजवळच्या किंग्ज डोमिनियनला नेला. थंडरहॉक मिशिगनला गेला. स्टील व्हेनम पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनच्या डॉर्नी पार्कला. आईने जिथे दुपार काढली तो घोड्यांचा कॅरोसेल २०११ पासून कॅन्सस सिटीच्या वर्ल्ड्स ऑफ फनमध्ये आहे. तिथल्या मराठी मंडळींनो, पोरांना एकदा बसवून आणा. घोडे शंभरीला टेकले आहेत.

आणि जुन्या मंडळींना एक विनंती. तळघरातल्या, माळ्यावरच्या खोक्यांतून जिऑगा लेकचे फोटो काढा. मागे पेन्सिलने साल आणि नावं लिहा. नुसतं 'पिकनिक' लिहू नका, कुठली पिकनिक, कोणाची गाडी, डिब्यात काय होतं ते लिहा. दिवाळीच्या कार्यक्रमाला दाराशी एक टेबल ठेवणार आहोत. माझा आप्पांचा फोटो तिथे असेलच. तळ्याकाठी नव्या घरांत राहायला गेलेल्या तीन कुटुंबांनी आपल्याला खास बोलावलं म्हणून यायचं कबूल केलं आहे. त्यांच्या अंगणाच्या जागी कोणता पाळणा होता, हे त्यांना दाखवायचं आहे.